खांबाला लागलेलं क्रीम

लातूर जिल्हा झाला तेव्हा सगळं नवं आलं. नवे कलेक्टर, नवी पाटी, नव्या जीपगाड्या, नव्या खुर्च्या आणि त्या खुर्च्यांच्या पाठीवर टाकायला नवे टॉवेल. जिल्ह्याला जे जे शोभतं ते ते मंजूर होऊन आलं. पाणी तेवढं मंजूर व्हायचं राहिलं. गडबडीत राहतं एखादं.

नव्या ऑफिसात जुने कारकून हवे होते, म्हणून माझ्या वडिलांची नांदेडहून बदली झाली. दोन पत्र्याच्या पेट्या, एक खाट आणि मी, असं सगळं ट्रकात घालून आम्ही लातूरला आलो. नांदेडला गोदावरी होती. लातूरला रांग होती. पाऊस सलग काही वर्षं तालुक्याच्या हद्दीवर येऊन, पाटी वाचून परत जात होता. टँकर यायचा तो आमच्या कॉलनीसमोरच्या शाळेच्या मैदानावर, आणि त्याच्या कितीतरी आधी घागरी येऊन रांगेत बसायच्या. बायका घरी, घागरी रांगेत. जिच्याकडे जादा घागर नसे ती तुटकी चप्पल ठेवी, नाहीतर वीट. त्या विटेचा नंबर पुढे-मागे करायची कुणाची छाती नव्हती. माणसांचा असा मान मी पुढं कधी पाहिला नाही.

आमच्या घरात पाण्याला तीन जन्म होते. परातीत बसून अंघोळ करायची, त्या पाण्यात कपडे भिजवायचे आणि कपड्यांचं पाणी दारातल्या शेवग्याला. त्या शेवग्याला घरातल्या प्रत्येकाचा वास पाठ झाला असावा.

अशा ऐन वेळेला टीव्ही आला.

टीव्ही आला तो आमच्या ओळीतल्या शेवटच्या क्वार्टरमध्ये, पुण्याकडच्या काकूंकडे. काकूंचे यजमान पाटबंधाऱ्याचे साहेब. बंधाऱ्यात पाणी नाही, त्यामुळे साहेब मोकळे आणि काकू उदार. रविवारी संध्याकाळी अख्खी कॉलनी त्यांच्या हॉलमध्ये. खुर्च्यांवर साहेबलोक, सतरंजीवर आम्ही, दारात धुणंभांडी करणाऱ्या बायका. सिनेमाच्या आधी जाहिराती लागायच्या. मंडळी, खरं सांगते, सिनेमे मी सगळे विसरले, जाहिराती एकही विसरले नाही.

एका जाहिरातीत एक बाई पांढऱ्याशुभ्र टबात गळ्यापर्यंत बुडून साबणाशी हसत बसायची. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा हॉलमध्ये देवळात असावी तशी शांतता पसरली. मग दारातून शेजारची म्हातारी ओरडली, "अगं ए भवाने, ऊठ की त्यातनं! सगळ्या गल्लीचं पाणी घेऊन बसली!"

दुसरी मागून म्हणाली, "तिचं झाल्यावर ते पाणी कोणाला देतेत, इचारा की साहेबांना."

साहेब पेपर वाचू लागले.

आणि मग ती दुसरी जाहिरात. तिच्यात एक सावळी मुलगी खिडकीत उदास बसलेली. तिला नोकरी नाही, मैत्रीण नाही, तिच्याकडे वारासुद्धा वळून बघत नाही. मग कुणीतरी तिला एक ट्यूब देतं. ती ट्यूब तोंडाला लावते, आणि थोड्याच दिवसांत ती गोरी होते, नोकरीला लागते, तिचा बाप छाती फुगवतो आणि एक मिशीवाला तरुण तिच्याकडे बघून जिन्यावरून पडता पडता वाचतो. एवढं सगळं एका ट्यूबमधून निघतं. पंचवार्षिक योजनेला हे कधी जमलं नव्हतं.

मला तोवर माहीतच नव्हतं की मी दुःखी आहे.

मी पंधरा वर्षांची होते. आमच्या घरात सगळे एकाच रंगाचे, नांगरलेल्या काळ्या रानाचे. पौर्णिमेला विहारात गेलो की तिथंही सगळे तसेच. त्यामुळे रंग ही काही विचार करायची गोष्ट असते हेच ठाऊक नव्हतं. नाकाला रंग असतो का, कोपराला दुःख असतं का, असे प्रश्न कुणाला पडत नाहीत, तसंच ते. आता मात्र सरकारी प्रसारणातूनच कळलं म्हटल्यावर ते खरंच असणार. मी घरी आले, घागर पालथी घालून तिच्यावर उभी राहिले आणि वडिलांच्या दाढीच्या आरशात तोंड घातलं. आरशात खिडकीतली ती उदास मुलगी होती. फक्त खिडकी नव्हती.

काकूंनी माझं निदान पक्कं केलं. पुढच्या रविवारी त्या मायेनं म्हणाल्या, "तुझे नाकडोळे छान आहेत हो. रंगाचंच तेवढं राहिलं बघ. आणि पाय! अगं बाई, पैलवानाचे पाय दिलेत तुला देवानं!"

काकूंकडे मासिकंही येत. त्यांत मांड्या सडपातळ करायचं एक सदर होतं, आणि शेजारी एका बाईचं चित्र होतं जिला मांड्या नव्हत्याच. मी ते सदर परीक्षेला बसल्यासारखं वाचलं.

आता या पायांचं थोडं सांगायला हवं. कारण सगळा घोळ तिथंच आहे.

मी खो-खो खेळायचे. नुसती खेळायचे नाही, धावायचे अशी की मैदानावर धूळ आधी उठायची आणि मी मागून दिसायचे. या आधी लातूरच्या पोरी खेळल्या तरी छातीवर उस्मानाबाद लिहून खेळत. जिल्हा वेगळा झाल्यावर आमचा आमचा संघ होणार होता, छातीवर 'लातूर' लिहिलेला, आणि त्या वर्षीचे विभागाचे सामने होते नांदेडला. माझ्या नांदेडला! जिथल्या शाळेतल्या पोरी मला निरोप देताना म्हणाल्या होत्या, "लातूरला काय हाय गं? उगं धूळ खाशील." त्यांच्यासमोर तो बनियन घालून उतरायचं, हे माझं त्या वर्षीचं एकमेव काम होतं. रात्री झोपेतसुद्धा मी खांबाला वळसे घालत असे, असं आई सांगते. बिचाऱ्या वडिलांना एकदा लाथ बसली होती.

आणि नेमकी अडचण अशी की खो-खो उन्हात खेळतात, आणि ट्यूबच्या खोक्यावर लिहिलेलं होतं की ऊन टाळा.

ट्यूब मला मिळाली काकूंच्या मुलीकडून. ती माझ्याच वर्गात, माझ्याच संघात, दुधासारखी गोरी. मला वाटायचं हिच्या आयुष्यात सकाळी उठल्यावर करायला दुःखच नसेल. एके दिवशी ती मला त्यांच्या गच्चीवर घेऊन गेली आणि रडायला लागली. "गोरी असून काय उपयोग? हाडं दिसतात माझी. ती डब्यातली पावडर दुधातून पिते आहे कधीची. जाहिरातीतला मुलगा किती भरला, मी काडीची काडीच."

मग मीही रडले. मी तिच्या रंगासाठी आणि ती माझ्या मांड्यांसाठी. दोघींच्या मध्ये अदलाबदलीची सोय असती तर तासाभरात प्रश्न मिटला असता, पण तशी जाहिरात अजून लागली नव्हती. शेवटी तिनं आईची अर्धी ट्यूब मला दिली आणि मी तिला घरून आणून शेंगदाण्याचे लाडू दिले. माझे लाडू, कारण मी आता खात नव्हते.

हो, खाणं सोडलं होतं. चहा सोडला, कारण चहानं माणूस काळं होतं असं काकू म्हणाल्या होत्या. भाकरी सोडली, कारण मांड्या भाकरीच्या असतात असा माझा शोध होता. ताटावर बसायचं, कोरभर मोडायची, वरणात बुडवून ठेवायची आणि "झालं" म्हणून उठायचं. सरावाला जाताना डोक्यावरून ओढणी अशी गुंडाळायची की फक्त डोळे उघडे. आमचे पीटीचे सर उदगीरकडचे, तोंडाचे फटकळ. मला बघून म्हणाले, "काय गं, मधाचं पोळं काढायला चालली का?"

"ऊन लागतं सर."

"मग घरी बस अन् कॅरम खेळ. सावलीत असतो तो."

ओढणी काढली, पण धावायची ते सावलीच्या बाजूनं. मैदानावर सावली एकाच कडुलिंबाची. खो-खोत गडी पळेल तिकडं पळावं लागतं, आणि गडी काही माझ्या रंगाची काळजी घेऊन पळत नसतो. शिवाय पोटात भाकरी नव्हती. ज्या पोरी माझं नाव ऐकून अर्ध्यातच हातात यायच्या त्या आता मला झुलवू लागल्या. एकदा तर मला मैदानाच्या मध्यावर अंधारी आली. सरांनी जवळ बोलावलं. या खेपेला ओरडले नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटली. "निवड आठवड्यावर आली. अशी पळालीस तर तुला राखीवमधी पण घ्यायला तोंड राहणार न्हाई मला. काय झालंय?"

काय सांगणार? "सर, मी उदास सावळी मुलगी आहे" असं? ते म्हणाले असते, कोणी सांगितलं? मी म्हणाले असते, टीव्हीनं.

घरी दुसरीच लढाई. खोक्यावर लिहिलं होतं, सकाळ-संध्याकाळ स्वच्छ पाण्यानं चेहरा धुऊन मग लावा. स्वच्छ पाण्यानं! ज्यानं हे लिहिलं त्याच्या घरासमोर समुद्र असणार. मी आईकडे एक तांब्या मागितला. माझी आई हदगावकडची, बांध्यानं माझ्यासारखीच, म्हणजे मी तिच्यासारखी. ती पिठाच्या हातानं उभी राहिली.

"कशाला पायजे?"

"तोंड धुवायला."

"सकाळी धुतलं की."

"दोनदा धुवावं लागतं."

"तोंड हाय का पातेलं? दोनदा घासायला करपलंय का?" आणि मग माझ्याकडे नीट बघून, "काय लावून राहिली गं तू? गुलाबासारखा वास येऊन राहिला. अन् जेवत का न्हाई? तोंड पार चिप्पाड झालंय."

पंधराव्या वर्षी आईला काही सांगायचं नसतं असा नियम आहे. तांब्या मिळाला नाहीच. मी ओल्या फडक्यानं तोंड पुसून वरून क्रीम थापू लागले. आठवडाभरात त्याचा परिणाम दिसला. लातूरच्या त्या वर्षीच्या धुळीला बसायला इतकी चांगली जागा दुसरीकडे नव्हती. मी गोरी झाले नाही, खाकी झाले.

आणि निवडीचा दिवस उजाडला.

सकाळीच कळलं की वर्तमानपत्राचा फोटोवाला येणार आहे. नव्या जिल्ह्याचा पहिला मुलींचा संघ, फोटो छापायलाच हवा! झालं. अख्खा जिल्हा मला बघणार. मी राहिलेली ट्यूब चिमटीत धरून शेवटापर्यंत पिळली. तोंड, मान, कान, कोपरापर्यंत हात, तळहात. जिथं जिथं कातडी होती तिथं तिथं जाहिरात केली.

आता खो-खोतली एक साधी गोष्ट. मैदानाच्या दोन टोकांना दोन लाकडी खांब. पाठलाग करणाऱ्या पोरीनं पळता पळता खांबाला हात घालायचा, सगळा भार त्या हातावर झोकायचा आणि गर्रकन वळून पलीकडच्या पोरीला गाठायचं. म्हणून उतरण्याआधी आम्ही सगळ्या खाली वाकून तळहातावर माती चोळायचो. कुणी शिकवावं लागत नाही. पोरी मैदानावर आल्या की हात आपोआप मातीत जातात. त्या दिवशी माझे गेले नाहीत. एवढं महागाचं तोंड आणि हात घेऊन मातीत कोण घालणार?

निवड समितीचे साहेब टोप्या घालून कडुलिंबाखाली बसले. मैदानाच्या दुसऱ्या कडेला टँकरची रांग लागली होती, तिच्यात आई होती. समोर पळत होती काकूंची मुलगी. तिला मी खांबापाशी कोंडलं. बरोबर जसं झोपेत कोंडायचे तसं. खांबाला हात घातला, भार झोकला.

हात खांबावर राहिलाच नाही. लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. मी हवेत एक सुंदर वळण घेतलं, जे कुठल्याही जाहिरातीत शोभलं असतं, आणि तोंडावर पडले. उठले तेव्हा तोंडावर क्रीम, क्रीमवर माती, मातीत दोन डोळे. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अगं माय! हिला पिठात घोळली की!" सगळी रांग हसली. बहुधा विटासुद्धा.

पण गंमत पुढं आहे. खेळ थांबला नाही. माझ्या मागून ज्या पोरीला खो मिळाला ती पळत त्याच खांबाकडे गेली, हात घातला आणि भुर्रकन उडाली. तिसरी आली, तीही. लातूर जिल्ह्याच्या निवडक पोरी एकामागून एक त्या खांबावरून पाखरांसारख्या उडत होत्या. समितीतले एक साहेब दुसऱ्याला म्हणाले, "ही काय नवीन पद्धत आहे का हो?" सर धावत खांबापाशी गेले, त्यांनी हात लावला, हुंगला आणि मैदानभर ऐकू जाईल असं म्हणाले, "गुलाबाचा वास! च्यायला, खांब गोरा होऊन राहिलाय!"

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मंडळी, त्या जाहिरातीत सगळे त्या मुलीकडे बघायला लागतात ना, तो क्षण मला मिळाला.

"जिनं लावलं तिनं काढायचं," सर म्हणाले. मी मातीच्या मुठी घेऊन खांब घासायला लागले. पण मला खांब दिसत नव्हता. क्रीम आणि घाम आणि माती डोळ्यांत उतरली होती, आग होत होती. सरांनी प्यायच्या माठाकडे पाहिलं, माठ रिकामा. समितीचे साहेब घड्याळाकडे पाहत होते. मला ऐकू आलं, "ह्या मुलीला वगळा, पुढं चला." सर म्हणाले, "साहेब, जरा थांबा." आणि मला एकदम कळलं की नांदेड गेलं. बनियन गेला. मी खांब धरून उभी राहिले आणि जोरात रडले. तो आता घसरत नव्हता.

तेवढ्यात रांगेत आरडाओरडा झाला. "अगं दुसऱ्या घागरीचा नंबर सोडून कुठं निघाली? पुन्हा मिळायचा न्हाई!" आई येत होती. नुकतीच भरलेली घागर डोक्यावर, तिच्या त्या जाडजूड पायांवर, जराही न हिंदकळता, मैदानाच्या मधोमध, समितीच्या साहेबांसमोरून. ती माझ्यापाशी आली, घागर उतरवली, माझी मान धरून वाकवली आणि ओतायला लागली. दिवसाचं सगळं पाणी. मला नुसतं ऐकू येत होतं, माझ्या तोंडावरून पडून मातीत जिरणारं.

"आई, बस की. सांडतंय."

"धू. दोनदा धुवायचं होतं ना? धू दोनदा."

ज्या म्हातारीनं टीव्हीतल्या बाईला टबातून उठवलं होतं ती पण काही म्हणाली नाही.

मी डोळे उघडले. आई पदरानं माझं तोंड पुसत होती, भांडं पुसावं तसं, खसाखसा. मग तिनं खाली वाकून ओल्या मातीची मूठ माझ्या तळहातावर थापली. ती जन्मात खो-खो खेळली नव्हती. रोज रांगेतून बघत होती एवढंच. "आता पळ," ती म्हणाली. "भाकरी खाल्ली असती तर बरं झालं असतं. आता हाय त्यात पळ."

सरांनी साहेबांकडे बघितलं, साहेबांनी घागरीकडे. रिकाम्या घागरीला नाही म्हणायला त्या वर्षी लातुरात मोठी हिंमत लागत होती. डाव पुन्हा सुरू झाला.

कशी पळाले ते मी सांगणार नाही, कारण दर वेळी सांगताना त्यात गडी वाढत जातात. भर उन्हातून पळाले एवढं खरं. काकूंच्या मुलीला त्याच खांबापाशी गाठलं. तिला हात लागला तेव्हा ती हसत होती, कारण तीही चांगली पळाली होती. लाडवांचा गुण असावा. दोघींची नावं यादीत आली. माझं सगळ्यात शेवटी, सर स्वतः वाचताना थोडे थांबले आणि मग वाचलं.

त्या रात्रीचं वरण वडिलांनी ऑफिसातून फिरकीच्या तांब्यात आणलेल्या पाण्यावर शिजलं. मी तीन भाकरी खाल्ल्या.

दोन दिवसांनी फोटो छापून आला. बनियनांवर 'लातूर' एवढं मोठं की वाचायला चष्मा नको. तोंडांचं मात्र छापखान्यानं असं काही केलं होतं की शाईचे नुसते काळे ठिपके उभे होते. मी काळी, काकूंची मुलगी काळी, सर काळे, टोपीतले साहेब तर टोपीसकट काळे. काकू पेपर उजेडात धरून बराच वेळ आपली मुलगी शोधत होत्या.

मी तो पेपर आईकडे नेला. ती चुलीपुढं होती. तिनं लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"ह्यात तू कोणती?"

"ही."

"कशावरून?"

मी बोट खाली नेलं. "पायांवरून."

तिनं परत वाकून पाहिलं. मग पिठाचा हात पेपराला लागू नये म्हणून कोपरानंच तो माझ्याकडे सरकवला.

"हाव," ती म्हणाली. "ते माझेच हायेत."